मदत हवी आहे: भाच्याची केस बाल न्याय मंडळासमोर आहे

नमस्कार. माझा भाचा 16 वर्षांचा, अकरावीत. मित्रांसोबत चोरीच्या बाईकवर सापडला. मंडळाने जामीन दिलाय, पोरगा घरी आहे. पण ताई-भाऊजी पार खचलेत. "आता याला नोकरी कोण देणार?" एवढंच घोकतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 मी वाचून दाखवलं, की अशा प्रकरणामुळे पुढे मूल अपात्र ठरत नाही. भाऊजींना पटत नाही.

खरी काळजी वेगळीच. सामाजिक तपासणी अहवालासाठी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलाची माहिती काढून मंडळाला कळवतात ते) घरी येणार आहेत. घर, शाळा, संगत सगळं विचारतील. भाऊजी रागात पोरावर हात उचलतात, आणि ताई म्हणते हे अजिबात बोलायचं नाही. मला वाटतं खरं सांगावं, समुपदेशन तरी मिळेल. पण त्यामुळे त्याला निरीक्षणगृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) तर पाठवणार नाहीत ना? हे काम केलेल्या कुणी कृपया सांगा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना मोफत वकील मिळतो. कुणी घेतलाय का? अनुभव कसा? भाच्याचं नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, कमेंटमध्येही विचारू नका.