शब्दचर्चा: वसाहत, ओलीस, स्थानबद्ध (इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बातम्या)

प्रश्न: वेस्ट बँकच्या बातम्यांत ‘सेटलमेंट’साठी सरसकट ‘वसाहत’ छापतात. शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद: एकटा वापरला तर अपुरा. आपल्याकडे पोलीस वसाहत असते, कामगार वसाहत असते. त्यामुळे ‘वसाहतीवर गोळीबार’ वाचून डोळ्यांसमोर साधी घरं येतात. जमिनीचा वाद बातमीतून गळून पडतो. इस्रायलने १९६७ पासून व्यापलेल्या प्रदेशातल्या या वसाहतींना कायदेशीर वैधता नाही, असं सुरक्षा परिषदेचा ठराव २३३४ (२३ डिसेंबर २०१६) सांगतो. इस्रायलला ते मान्य नाही. तो या प्रदेशाला ‘वादग्रस्त’ म्हणतो. पहिल्या उल्लेखात ‘व्याप्त वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहत’ असं पूर्ण लिहावं. ‘पाकव्याप्त काश्मीर’मुळे ‘व्याप्त’ सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद: माझा मुख्य आक्षेप ‘ओलीस आणि कैदी’ या जोडीला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास आणि इतर गटांनी पळवून नेलेले लोक ओलीसच; त्यांच्या सुटकेसाठी अटी घातल्या होत्या. दुसरा शब्द मात्र ढिला आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अदलाबदलीत इस्रायलने २४० पॅलेस्टिनी सोडले. त्यांतल्या अनेकांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलं नव्हतं. मराठीत तीन वेगळे शब्द तयार आहेत: शिक्षा झालेला तो कैदी, खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, आणि आरोपपत्राविना डांबलेला तो स्थानबद्ध. इस्रायलचा स्थानबद्धतेचा आदेश सहा महिन्यांपर्यंतचा असतो आणि पुन्हा पुन्हा वाढवता येतो. आणीबाणीतले मिसाबंदी ज्यांना आठवतात, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तिघांना एकच ‘कैदी’ म्हटलं की सगळेच गुन्हेगार ठरतात.

प्रश्न: आणि ‘ठार केले’ / ‘मृत्यू झाला’?

प्रतिसाद: मारणारा माहीत असेल तर तो कर्ता म्हणून लिहायचाच, दोन्ही बाजूंना. ‘हमासने नागरिकांना ठार केले’ आणि खाली ‘गाझात नागरिकांचा मृत्यू’ असं असलं, तर दुसऱ्या वाक्यातलं बॉम्ब टाकणारं इस्रायली विमान नाहीसं होतं. मात्र माहीत नसताना कर्ता घुसडणंही तितकंच वाईट. १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयातल्या स्फोटाचा दोष पहिल्या मथळ्यांनी इस्रायलवर टाकला. आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो, असं न्यूयॉर्क टाइम्सला पुढे संपादकीय टिपणात लिहावं लागलं. तिथे ‘रुग्णालयात स्फोट; जबाबदारीवरून परस्परविरोधी दावे’ एवढंच बरोबर होतं.

प्रतिसाद: ‘दावा’चंही तेच. ‘गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा दावा’ आणि ‘इस्रायली लष्कराची माहिती’ एकाच बातमीत दिसले, तर दोन्हीकडे ‘म्हणणे’ करावं.