विद्यार्थी मंडळाचे स्वतःचे कलादालन: मुंबईतील पूर्वेतिहासाबद्दल विचारणा

प्रश्न: अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

आमच्या कला महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाने यंदा तळमजल्यावरील एका रिकाम्या खोलीत विद्यार्थ्यांनीच चालवायचे छोटे कलादालन सुरू करण्याचा प्रस्ताव तयार केला असून, त्यासोबत जोडायचे ऐतिहासिक टिपण लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मुंबईतील कलादालने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थी संघटनेतूनच उभी राहिली आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट हे त्याचे ठळक उदाहरण आहे, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. हे विधान टिकेल का? चुकीचे असल्यास नेमके काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: जे. जे.चा एक माजी विद्यार्थी

हे विधान टिकणार नाही, आणि प्रस्ताव वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या ते लक्षात आले तर उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास जाईल. प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ मध्ये स्थापन झाला. त्यातील चित्रकारांपैकी सूझा यांना १९४५ मध्येच जे. जे.मधून काढून टाकण्यात आले होते आणि आरा यांचे तर कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण झालेले नव्हते. रझा जे. जे.मध्ये शिकले हे खरे, पण तेवढ्याने तो गट विद्यार्थ्यांची संघटना ठरत नाही. विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर १९४१ च्या सुमारास पी. टी. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे. जे.चे तेव्हाचे संचालक जेरार्ड यांच्या प्रोत्साहनाने एकत्र येऊन भरवलेल्या प्रदर्शनाकडे पाहावे. ‘यंग टर्क्स’ या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी आपल्या प्रश्नात यायलाच हवी होती, असे मला वाटते.

भिंतींचा, म्हणजे प्रदर्शनाच्या जागांचा, इतिहास मात्र वेगळा आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मधली, आणि तिच्यावर दीर्घकाळ युरोपीय सभासदांचा प्रभाव होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियामागे सा. ल. हळदणकर यांच्यासारखे जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते. म्हणजे विद्यार्थी शिकून बाहेर पडले आणि मग त्यांनी संस्था उभारली, असा हा क्रम आहे. प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे १९४९ चे प्रदर्शनसुद्धा रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलूनमध्ये (प्रदर्शनाच्या दालनात), म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भरले. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. तोपर्यंत प्रिन्सेस स्ट्रीटवरील केमोल्ड या फ्रेमच्या दुकानात केकू गांधी तरुण चित्रकारांची चित्रे मांडत असत, आणि त्याच केमोल्डचे दालन पुढे १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर आले. फ्रेमच्या दुकानाची ही हकिकत आपल्या तळमजल्यावरील खोलीला सर्वांत जवळची आहे. ती टिपणात जरूर घ्यावी.

उत्तर २: कलाशिक्षिका

वरील माहितीत वार्षिक प्रदर्शन राहून गेले आहे. विद्यार्थ्यांचे खरे कलादालन म्हणजे त्यांचा स्वतःचा वर्गच असतो. प्रदर्शन जवळ आले की डाँकी (चित्र काढताना बसायचे बाकडे) आणि ईझल (चित्र टेकवायची घोडी) बाहेर निघतात, वर्षभर रंगांचे शिंतोडे झेललेल्या भिंती चुन्याने पांढऱ्या होतात, आणि कोणाचे चित्र दारासमोर लागणार यावरून दोन दिवस वाद चालतात. आमच्या वर्षी माझी चित्रे खिडकीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लागली होती. दुपारनंतर समोरच्या उजेडामुळे ती कोणालाच नीट दिसत नसत, आणि मांडणी हेही एक शिक्षण आहे हे मला तेव्हा कळले. एखाद्या वर्षी मांडणीची जबाबदारी विद्यार्थ्यांकडे सोपवली गेली, तर ते शिक्षण नक्की घडते.

एक मुद्दा आणखी. जे. जे.चे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तेथे भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केल्यानंतर तेथील विद्यार्थ्यांनी १९२४ च्या लंडनमधील वेम्ब्ले येथील ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी रंगवलेले छत असलेला भारतीय कक्ष सिद्ध केला आणि पुढे नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रेही केली. विद्यार्थ्यांवर मोठी सार्वजनिक जागा सोपवता येते, याचा याहून चांगला पुरावा आपल्याला मिळणार नाही.

उत्तर ३: सध्या कॅनडात असलेला मुंबईकर

विद्यार्थी संघटनेने स्वतः चालवलेल्या दालनाचे उदाहरण हवे असेल तर कॅलगरीतील अल्बर्टा युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सकडे पाहावे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या कलाशाळेत मॅरियन निकोल गॅलरी विद्यार्थी संघटना चालवते, तर इलिंगवर्थ कर गॅलरी हे संस्थेचे दालन आहे. मॅरियन निकोल या अमूर्त शैलीतील चित्रकार तेथेच अनेक वर्षे शिकवत होत्या. एकाच आवारात दोन दालने असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना संस्थेच्या वेळापत्रकात जागा मागत बसावे लागत नाही. आपल्या प्रस्तावातही ‘प्रदर्शनांची निवड विद्यार्थी समिती करील’ हे वाक्य स्पष्टपणे असावे. किल्ली कोणाकडे राहील, चित्राला धक्का लागल्यास जबाबदारी कोणाची आणि परीक्षेच्या काळात खोली कोण उघडील, हेही लिहून ठेवावे. अन्यथा पहिली तुकडी बाहेर पडली की खोलीला कुलूप लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. प्रोग्रेसिव्ह ग्रुपविषयीचे वाक्य काढून टाकले असून, टिपणाची सुरुवात आता प्रिन्सेस स्ट्रीटवरील दुकानापासून होते. किल्लीचा मुद्दा मंडळाच्या सभेत मांडला. ती दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांकडे राहावी असे ठरले आहे, म्हणजे आम्ही गेल्यावरही ती एक वर्ष त्यांच्याकडेच असेल.