मदत हवी आहे: दोन्ही रॅम लावल्या की निळी स्क्रीन

मंडळी, कुणी जाणकार असेल तर बघा जरा. विंडोज ११ चा लॅपटॉप, मूळची ८ जीबी रॅम २६६६ स्पीडची. दिवाळीत दुकानातून ३२०० ची आणखी एक ८ जीबी टाकून घेतली आणि निळी स्क्रीन (विंडोज मध्येच कोलमडल्यावर येते ती) मागे लागली. एरर दर वेळी वेगळा: कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. म्हणून एखाद्या ड्रायव्हरपेक्षा रॅमवरच संशय जास्त.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' हा एरर दिसतो, पण तो मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झालं एवढंच सांगतो. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक (रॅमची तपासणी) 'सगळं ठीक' म्हणतं. पहिल्या स्लॉटमध्ये (रॅम बसवायच्या खाचेत) जुनी किंवा नवी, कुठलीही एकटी रॅम लावा, गपगुमान चालतो. दोन्ही लावल्या की तासाभरात रडारड. दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावली तर सुरूच होत नाही. पण काही लॅपटॉप तसेही पहिला स्लॉट रिकामा असला की सुरू होत नाहीत, मग यावरून काय धरायचं?

दुकानदाराचं एकच पालुपद, 'फॉरमॅट मारा'. (यांचं औषध सगळ्या रोगांवर तेच!) स्लॉट गेलाय की जोडी जमत नाहीये, हे कसं ओळखू? दोन्ही लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा वेगळा प्रोग्राम) चालवू का? मिनीडंप फाइल्स (निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोज साठवतं ती माहिती) आहेत, हव्या असतील तर टाकतो.