निवृत्तीसाठी देश निवडताना या याद्या कशा वाचायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं न्यू जर्सीत. मी ६३, बायको ६०. दोनेक वर्षांत नोकरी सोडायची आहे. मग पोर्तुगाल, मलेशियातलं पेनांग की सरळ पुणं, हा विषय रोज रात्रीच्या जेवणाला असतो.

सुरुवात निवृत्तीसाठी चांगल्या देशांच्या याद्यांपासून केली आणि तिथंच गोंधळ उडाला. परदेशात स्थायिक होण्याविषयीच्या ‘इंटरनॅशनल लिव्हिंग’ मासिकाच्या यादीत २०२३ला पोर्तुगाल पहिला, २०२४ला कोस्टा रिका, २०२५ला पनामा. नॅटिक्सिस या गुंतवणूक कंपनीच्या २०२३च्या यादीत मात्र नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलंड वर आणि भारत तळाला. दोन्ही याद्यांचा प्रश्नच वेगळा आहे, हे फार उशिरा लक्षात आलं. दुसरी यादी त्या त्या देशातल्याच लोकांचं म्हातारपण किती सुरक्षित आहे ते मोजते. बाहेरून राहायला येणाऱ्यांचा तिथं विचारच नाही.

नियमही बदलतात. पोर्तुगाल पहिला आला त्याच वर्षी, ऑक्टोबरात, परदेशी पेन्शनवर १० टक्केच कर घेणारी एनएचआर सवलत नव्या लोकांना बंद करणार असं तिथल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं. मलेशियानेही एमएम२एच या परदेशी लोकांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अटी २०२१ला एकदम कडक केल्या होत्या.

जानेवारीत लिस्बनला तीन आठवडे भाड्याने राहून पाहिलं. बाहेर छान ऊन, पण घरात हीटिंग नाही, भिंतींना ओल. बायको स्वेटरवर शाल गुंडाळून पोळ्या लाटायची. उतारावरचे फूटपाथ चुनखडीच्या गुळगुळीत दगडांचे. पाऊस पडून गेला की ती माझा दंड सोडायची नाही. गुडघे दुखतात तिचे. यादीत हवामानाला भरघोस गुण होते. हे कुठल्या रकान्यात धरायचं?

आणि दोघांपैकी एकच मागे उरलं तर? रात्री अडीच वाजता कुणाचं दार वाजवायचं? माझ्या मते निम्मं वजन याला द्यायला हवं, आणि हा रकाना मला कुठल्याच यादीत दिसला नाही.

पोर्तुगाल किंवा पेनांगला राहायला गेलेल्यांनी कृपया सांगा: पासष्टीनंतर तिथं खासगी आरोग्य विमा मिळाला का, हप्ता किती बसतो? मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) अमेरिकेबाहेर सहसा चालत नाही, तरी त्यातलं पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा हप्त्यावरचा भाग, चालू ठेवलंत का? सोडून पुन्हा घेतलं तर दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड कायमचा बसतो, म्हणून विचारतोय. पुण्याला परतलेल्यांनीही लिहा. फक्त फिरून आलेल्यांचा नको, निदान वर्षभर राहिलेल्यांचा अनुभव हवा आहे.