डेड लॅपटॉप: चिप लेव्हल (बोर्डवरचा बिघडलेला सुटा भाग शोधून तेवढाच बदलणं) करायचं की सरळ बोर्ड बदलायचा?

सोल्डरवाला: लॅपटॉप चालू होत नाही म्हटलं की बरेच दुकानदार मीटर न लावताच सांगतात, बोर्ड गेला, बदलावा लागेल. अरे आधी बघा तरी! बॅटरी काढा, जॅकवरचे १९ व्होल्ट पहिल्या मॉसफेटच्या (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) पुढे जातात का बघा, मग पॉवर काढून मेन रेल (बोर्डला वीज देणारी मुख्य लाइन) ग्राउंडला शॉर्ट आहे का तपासा. शॉर्ट असेल तर बेंच सप्लायने (व्होल्टेज हवं तेवढं ठेवता येणारा पॉवर सप्लाय) १ व्होल्ट सोडायचा, बोर्डवर आयपीए (पटकन उडून जाणारं अल्कोहोल) टाकायचं, जिथलं सगळ्यात आधी उडतं तिथे चोर सापडतो, बहुतेकदा एखादा फुटकळ सिरॅमिक कपॅसिटर असतो. त्याच्यासाठी हजारोंचा बोर्ड?

वैतागलेला गिऱ्हाईक: बोलायला सोपं आहे हो. माझा लॅपटॉप एका दुकानात असाच "चिप लेव्हल"ला दिला, त्यांनी ग्राफिक्स चिपला हीट मारून चालू करून दिला, थोड्या दिवसांत परत डेड, आणि वॉरंटी विचारली तर म्हणे चिप लेव्हलला वॉरंटी नसते. मला सोमवारी ऑफिसचं काम करायचंय, तुमचे प्रयोग नकोत. बोर्ड बदला, विषय संपला.

सोल्डरवाला: हीट मारणं म्हणजे रिपेअर नाहीच ओ, ती फसवणूक आहे. आणि विषय संपत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर नवीन बोर्डवर रिकव्हरी की मागणार, एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर डेटा जुन्या बोर्डसोबत गेला. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळणारा "नवा" बोर्ड बऱ्याचदा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलाच असतो.

मॉसफेट_मावशी: दोघांचं थोडं थोडं पटतं पण सोल्डरवाले, १ व्होल्ट सोडा असं सरसकट लिहू नका. सीपीयूच्या फेजचा (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) वरचा मॉसफेट शॉर्ट असेल तर मेन रेलमधून ते व्होल्टेज थेट सीपीयूत जातं, कुणी उत्साहात १९ सोडले की प्रोसेसर खल्लास. आणि सीपीयूच्या कॉइलवर मीटर बीप करतो म्हणून शॉर्ट समजू नका, तिथे रेझिस्टन्स मुळात कमीच असतो. शॉर्ट नसेल तर ३ आणि ५ व्होल्टचे स्टँडबाय रेल बघा, ते असतील तर ईसी (पॉवर बटण, चार्जिंग सांभाळणारी चिप) आणि बायॉसकडे वळा. चहा सांडलेला, बीजीएखाली (खालून सोल्डरच्या गोळ्यांनी बसवलेल्या चिपखाली) गंज चढलेला बोर्ड मात्र मी हातात घेत नाही, सरळ बदला सांगते.

वैतागलेला गिऱ्हाईक: मावशी, तुमचं दुकान कुठे आहे? आणि तपासायचे पैसे वेगळे का?