डेबियन 12 बसवण्यासाठी नेमक्या कोणत्या डिस्क लागतात?

प्रश्न

नमस्कार. इंटरनेट जोडणी नसलेल्या दोन संगणकांवर मला डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली बसवायची आहे. दोन्हींत इंटेलचे 64 बिटी प्रोसेसर आणि डीव्हीडी ड्राइव्ह आहेत. डाउनलोडच्या पानावर मात्र नेटइन्स्ट, डीव्हीडी-1, लाइव्ह, जिग्डो अशा नावांच्या फायली आणि त्यातही एएमडी64, आय386, सोर्स असे विभाग दिसतात. त्यामुळे संपूर्ण संच घेतल्याशिवाय काम होणार नाही की काय, अशी शंका येते. मला डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, दस्तऐवज जुळवण्यासाठी लाटेक आणि सांख्यिकीसाठी आर एवढेच हवे आहे. यासाठी किती डिस्क घ्याव्यात, आणि मधल्या काही वगळल्या तर चालेल का?

उत्तर 1

आपल्या गरजेसाठी सुरुवात एएमडी64 विभागातील डीव्हीडी-1 पासून करावी. प्रोसेसर इंटेलचा असला तरी विभाग हाच, कारण 64 बिटी विस्तार प्रथम एएमडीने आणला म्हणून हे नाव रूढ झाले आहे. सोर्स विभागाकडे पाहण्याचेही कारण नाही. त्या डिस्कवर प्रोग्रामांचा मूळ कोड असतो आणि स्थापनेत तिचा काहीही उपयोग होत नाही.

नेटइन्स्ट आकाराने लहान असल्यामुळे अनेकजण तीच उचलतात. तिच्यातून मूलभूत प्रणाली जोडणीशिवायही बसते, पण डेस्कटॉप निवडताच पॅकेजे इंटरनेटवरून आणावी लागतात, त्यामुळे आपल्या संगणकांवर काम काळ्या पडद्यावरच्या लॉगिनपाशी थांबेल. डीव्हीडी-1 वर इन्स्टॉलर, मूलभूत प्रणाली, डेस्कटॉप आणि लिब्रेऑफिस हे सर्व आहे. इन्स्टॉलर मध्येच आणखी डिस्क तपासायची आहे का असे विचारतो. दुसरी डिस्क नसेल तर तिथे 'नाही' म्हणावे, आणि नेटवर्क मिरर (पॅकेजांची प्रत ठेवणारा इंटरनेटवरील सर्व्हर) वापरायचा का या प्रश्नालाही तेच उत्तर द्यावे.

संपूर्ण संच हवाच, हा समज बहुधा सीडींच्या काळातला असावा. 2009 साली आलेल्या डेबियन 5 चा पूर्ण संच तीसएक सीडींचा होता, आणि तेव्हाही पहिल्या सीडीवरून चालता डेस्कटॉप उभा राहत असे.

उत्तर 2

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु लाटेक आणि आर यांबाबत अंदाजावर विसंबू नये. डेबियनचे डिस्कसंच तयार करताना पॅकेजे वर्णानुक्रमे लावत नाहीत. सर्वाधिक वापरली जाणारी पॅकेजे पुढच्या डिस्कवर आणि क्वचित लागणारी मागच्या डिस्कवर जातात. शिवाय एखाद्या पॅकेजला ज्या इतर पॅकेजांची गरज असते, ती त्याच डिस्कवर किंवा तिच्या आधीच्या डिस्कवर येतील, अशी मांडणी असते. म्हणून हवे असलेले पॅकेज ज्या डिस्कवर सापडेल तिथपर्यंतच्या सर्व डिस्क घ्याव्यात आणि पुढच्या खुशाल सोडाव्यात. मधली डिस्क वगळण्याचा मोह मात्र टाळावा. नेमकी एखादी लायब्ररी तिच्यावर निघते आणि सगळे अडते.

कोणते पॅकेज कुठे आहे हे आधीच कळते. आयएसओ फायलींच्या (म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा असलेल्या फायलींच्या) शेजारी 'लिस्ट-डीव्हीडी' नावाची डिरेक्टरी असते, तिच्यात प्रत्येक डिस्कची यादी संकुचित फाइलच्या रूपात ठेवलेली असते. ती उघडून 'आर-बेस' (आर) आणि 'टेक्सलाइव्ह' (लाटेक) ही नावे शोधावीत.

पुढच्या डिस्क हव्या असल्यास त्यांच्या तयार आयएसओ बहुतेक मिळत नाहीत, केवळ जिग्डो फायली, म्हणजे आयएसओ जुळवण्याच्या कृती, मिळतात. जोडणी असलेल्या दुसऱ्या संगणकावर जिग्डो-लाइट हा प्रोग्राम चालवला, की तो मिररवरून एकेक पॅकेज आणून आयएसओ जुळवतो. याला वेळ लागतो, पण मध्येच थांबले तर पुन्हा तिथूनच सुरू करता येते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. यादी पाहून ठरवतो. डिस्क जाळण्याऐवजी आयएसओ पेनड्राइव्हवरून वापरता येतील का? आणि वायफाय कार्डाच्या फर्मवेअरसाठी (कार्ड चालण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) वेगळी डिस्क घ्यावी लागेल का?

उत्तर 3

फर्मवेअरसाठी वेगळे काही घेऊ नये. 2023 च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन 12 पासून मुक्त नसलेले फर्मवेअरही अधिकृत आयएसओ प्रतिमांमध्येच समाविष्ट आहे. त्याआधी त्यासाठी अनधिकृत प्रतिमा शोधावी लागत असे.

पेनड्राइव्ह अवश्य वापरावा. डीव्हीडी-1 ची आयएसओ पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहावी, फाइल म्हणून नुसती कॉपी करू नये, अन्यथा संगणक त्यावरून सुरूच होणार नाही. लिहिण्यापूर्वी फाइल नीट उतरली का हे तपासण्यासाठी एसएचए512 बेरीज ताडून पाहावी. उरलेल्या डिस्कच्या आयएसओ स्थापनेनंतर हार्ड डिस्कवर ठेवून लूप पद्धतीने माउंट कराव्यात (म्हणजे फाइलच डिस्कसारखी जोडावी) आणि ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या स्रोतांच्या यादीत प्रत्येकीची 'फाइल:' ने सुरू होणारी ओळ लिहावी. त्या ओळीत चौकटी कंसात 'ट्रस्टेड=येस' असे घालावे लागते, कारण डिस्कवरील रिलीज फाइलवर सही नसते आणि एरवी ॲप्ट ती नाकारतो. इन्स्टॉलरने आधीच घातलेली 'सीडीरॉम:' ची ओळ मात्र काढून टाकावी. ती तशीच राहिली तर प्रत्येक वेळी अमुक नावाची डिस्क घालून एंटर दाबा असे सांगून ॲप्ट थांबून राहतो.

सुरक्षा दुरुस्त्या या डिस्कवर फक्त त्या पॉइंट आवृत्तीपर्यंतच्याच (म्हणजे दुरुस्त्यांसह निघालेल्या उपआवृत्तीपर्यंतच्याच) असतात, म्हणून उतरवून घेताना 12 मधील सर्वांत नवी पॉइंट आवृत्ती निवडावी आणि सर्व डिस्क त्याच आवृत्तीच्या घ्याव्यात.