ब्रेकडाऊन जरा आटोपशीर ठेवा की राव!

खर्ज:
काल ट्रान्सचा (क्लबातलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) एक लांबलचक सेट ऐकताना शेवटी घड्याळ लावलं. मिनिटाला १३८ ठोक्यांची लय, ६४ बारचा (चार ठोक्यांचा एक बार) ब्रेकडाऊन, गाण्यातला ठेका थांबतो तो भाग. म्हणजे तब्बल १११ सेकंद किक (खालचा ढम्म ठोका) नाही, बास नाही! नुसते तरंगणारे पॅड्स (सिंथचे लांबवलेले सूर), मग एकटा पियानो, मग स्नेअर रोल: आधी सुटे ठोके, मग दुप्पट, मग चौपट, आणि वर सूंऽऽ करत चढणारा व्हाइट नॉइज. पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ. तोवर हात वर करून उभं राहायचं. नाचायला आलोय की कवायतीला?

दुखणं ट्रान्सपुरतं असतं तर गप्प बसलो असतो. पण हल्ली ड्रम अँड बासवालेही (वेगवान, तुटक ड्रम्सवर चालणारं संगीत) तेच करायला लागलेत. अरे, तुमचा जन्मच मुळी ब्रेकमधून झालाय. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेला चार बारांचा तुकडा, जेमतेम सात सेकंदांचा. जंगल या संगीतप्रकाराचा आणि ड्रम अँड बासचा निम्मा संसार त्यावर चाललाय. तिथे ब्रेक म्हणजे बाकी सगळे गप्प आणि ड्रमर एकटा. ट्रान्सच्या ब्रेकडाऊनमध्ये ड्रमर गप्प आणि बाकीच्यांचं भाषण चालू. मला पहिला हवाय. १७४ च्या लयीत १६ बार म्हणजे २२ सेकंद होतात, श्वास घ्यायला तेवढे बक्कळ झाले.

पहाटवेडा:
साफ असहमत. तुम्ही ब्रेकडाऊनला मध्यंतर समजताय. ट्रान्समध्ये गाणं तिथेच असतं हो, आधीचं सगळं त्याची वाट करून देण्यासाठी. किक चालू असताना साइडचेनमुळे (किक वाजली की बाकीचा आवाज आपोआप दाबणारी सोय) प्रत्येक ठोक्याला पॅड दबतो, सूर सलग ऐकूच येत नाही. किक थांबली की पहिल्यांदा तो पूर्ण लांबीने मिळतो. रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटीसुद्धा.

सॅम्युएल बार्बरची १९३६ ची ‘अडॅजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ घ्या. तालवाद्याचा पत्ता नाही, नुसती तंतुवाद्यं हळूहळू चढत जातात. फेरी कॉर्स्टन काय, टिएस्टो काय, ट्रान्सवाल्यांना तीच उचलावीशी का वाटली? ती चढण २२ सेकंदांत बसवून दाखवा.

बघ्या:
दोघांनाही +१. चालू द्या.

अर्धाठोका:
घरी थोडंफार ट्रॅक बनवतो, म्हणून बोलतो. भांडण लांबीवरून चाललंय, पण खरा घोळ आवाजाच्या पातळीत आहे. ड्रॉप (ब्रेकडाऊननंतर किक-बास परत आदळतात तो क्षण) दणदणीत वाटतो तो आधीच्या हळू आवाजामुळे. पण सगळ्या ट्रॅकवर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) असा दाबून ठेवतात की ब्रेकडाऊनच ड्रॉपएवढा मोठा होतो. मग ६४ बार वाट बघून किक येते आणि वाटतं, एवढंच? त्यापेक्षा शेवटच्या एक-दोन बारांत खालचा बास कापा, स्टेरिओ अरुंद करा, पातळी एखादा डेसिबल उतरवा. ड्रॉपला हातही न लावता तो अंगावर येतो.

दुसरं म्हणजे सुपरसॉ. रोलंड जेपी-८००० या सिंथेसायझरने नव्वदच्या दशकात तो आणला: सात सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी, किंचित बेसूर करून एकत्र. ऐकायला स्वर्ग, पण मिक्समध्ये हा पाहुणा सगळा पलंग अडवतो. किक आणि बास बाहेर गेल्याशिवाय त्याला पाय पसरता येत नाहीत. ब्रेकडाऊन लांबण्यामागे भावनेइतकंच हेही कारण असावं, असं आपलं माझं मत.

सुईखालची_धूळ:
@खर्ज, ‘हल्ली’ हा शब्द मागे घ्या. ड्रम अँड बासवाल्या गोल्डीचा ‘टाइमलेस’ अल्बम १९९५ चा. त्यातलं शीर्षकाचं गाणं २१ मिनिटांचं आहे. तंतुवाद्यांसारखे पॅड्स, डायान शार्लमेनचा आवाज, सगळं निवांत. एलटीजे बुकेमही त्याच काळातला. ट्रान्सकडून उसनं आणायची गरज नव्हती कुणाला.

मात्र वाजवणाऱ्याच्या, म्हणजे डीजेच्या बाजूने एक तक्रार माझीही आहे. ड्रम अँड बासमध्ये ब्रेकडाऊन ही पुढचं गाणं आत सरकवायची जागा. डबल ड्रॉप करायचा, म्हणजे दोन गाण्यांचे ड्रॉप एकाच क्षणी पाडायचे (अँडी सी यासाठीच प्रसिद्ध), तर दोन्हीकडचे बार जुळावे लागतात. एकाचा ब्रेकडाऊन १६ चा आणि दुसऱ्याचा मध्येच ३६ चा निघाला की हेडफोन कानाला लावून बोटं मोजत बसा.

खर्ज:
@सुईखालची_धूळ, ‘हल्ली’ मागे घेतला. पण तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की! त्या काळच्या गाण्यांत पॅड्स तरंगत असतात तेव्हाही खाली बराच वेळ ब्रेक धावत असतो. वर संथ, खाली सुसाट, दोन्ही एकदम. १७४ ची लय अर्धी धरली की ८७ होते, म्हणून वरचा सूर निवांत चालतो. ड्रम बंद करायची गरजच काय?

पहाटवेडा:
कारण वाट बघण्यातच निम्मी मजा आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला २०११ चा अभ्यास: संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन स्रवतंच, पण त्याच्या आधी, नुसत्या अपेक्षेनेही स्रवतं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. आणि ते लोक स्वतःच्या आवडीची, पाठ असलेली गाणी ऐकत होते बरं का. तेव्हा ‘पुढे काय होणार ते पाठ आहे’ ही तुमची तक्रार बाद.

अर्धाठोका:
प्रयोगशाळेतल्या यंत्रात निजून ऐकणं वेगळं, हजार माणसांत घामाघूम उभं राहणं वेगळं. बाकी मुद्दा आवडला.

खर्ज:
बरं, आज दुपारी हौस म्हणून करून बघितलं. कालच्याच ट्रॅकचा ब्रेकडाऊन ६४ वरून १६ बारांवर आणला. ड्रॉप अगदीच पुचाट झाला, कबूल करतो. सूर वर चढायच्या आतच किक येऊन आदळते. मग आठ बार परत जोडले, २४ झाले. आता फक्कड वाजतंय. उरलेले ४० बार माझ्याकडे पडून आहेत. कुणाला हवेत का?

पहाटवेडा:
पाठवा इकडे.